जास्तीचा प्रश्न

"सूर्य बुडाला होता का तेव्हा?"

"हो बाई, बुडाला होता."

"नाल्यापाशी विजेचा खांब आहे?"

"तिथं कायचा खांब? झुडपंच झुडपं हायेत."

"पळणारा माणूस तुमच्यापासून किती लांब होता?"

फकिरानं साक्षीदाराच्या पिंजऱ्यातून मान वाकडी करून खिडकीबाहेर पाहिलं आणि आवारातल्या कडुनिंबाकडं बोट केलं. "त्या झाडाहूनबी लांब. शंभर पावलं धरा."

"आणि त्याची पाठ तुमच्याकडे होती."

"पाठच होती."

न्यायाधीशांनी ते वाक्य टाइप करायला सांगितलं. कळफलकाची टकटक थांबेपर्यंत यवतमाळच्या सत्र न्यायालयातलं ते दालन अगदी चिडीचूप होतं. ॲडव्होकेट सुमेधा वऱ्हाडपांडे यांनी हातातला कागद टेबलावर पालथा ठेवला. खटला खरं तर इथंच संपला होता. बोरी अरबजवळच्या तांड्यावरचा रूपसिंग राठोड नाल्याकाठी कुऱ्हाडीच्या घावानं मेलेला सापडला होता. आठवडाभर आधी त्याचं चुलतभावाशी, धरमसिंगशी, शेताच्या धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, भांडण झालं होतं, म्हणून पोलिसांनी धरमसिंगला उचललं. त्याच्या घरातल्या कुऱ्हाडीवर रक्त निघालं नाही. जप्तीचे पंच कोर्टात येऊन फितूर झाले. सरकारकडं उरला होता एकटा फकिरा, गावच्या शेळ्या चारणारा. आणि आता त्यानंही कबूल केलं होतं की अंधार होता, अंतर होतं आणि दिसली ती नुसती पाठ.

आता खाली बसायचं. हाताखालच्या पोरांना सुमेधाबाई वर्षानुवर्षं हेच सांगत आल्या होत्या. हवं ते मिळालं की बसा. ज्याचं उत्तर ठाऊक नाही तो प्रश्न साक्षीदाराला विचारायचा नाही.

पण त्या दिवशी कोर्ट भरलेलं होतं. वऱ्हाडपांडेबाईंचा उलटतपास आहे म्हटलं की नवे वकील आपापली कामं टाकून मागच्या बाकांवर येऊन बसत. अठ्ठावीस वर्षांत हे नाव त्यांनी कष्टानं कमावलं होतं. त्यांचे वडील याच इमारतीत शिरस्तेदार होते. न्यायाधीशांच्या पायाशी, एका बाजूला, फायली पुढं सरकवण्यात त्यांचा जन्म गेला. मुलीनं मात्र मधोमध उभं राहायचं असं त्यांनी ठरवलं होतं, आणि मुलगी उभी राहिली होती. दाराशी अभिषेक दिसत होता. सहा वर्षं त्यांच्या हाताखाली काढून तो नागपूरला हायकोर्टात गेला होता आणि आज कुठल्याशा कामासाठी आला असताना मुद्दाम डोकावला होता. तो हसला. सुमेधाबाईंना वाटलं, शेवट जरा झोकात व्हायला हवा.

"मग फकिरा," त्या आवाज चढवून म्हणाल्या, "शंभर पावलांवरून, अंधारात, पाठमोरा दिसलेला माणूस धरमसिंगच होता, हे तुम्हाला कशावरून कळलं?"

फकिरा गांगरला. त्यानं सरकारी वकिलांकडं पाहिलं, न्यायाधीशांकडं पाहिलं, मग आरोपीच्या पिंजऱ्यात उभ्या असलेल्या धरमसिंगकडं वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"चालीवरून," तो म्हणाला. "धरमसिंग डाव्या पायानं लंगडते. तो मानूस लंगडत पळून राह्यला होता."

पिंजऱ्यात धरमसिंगनं, बहुधा त्याच्याही नकळत, आपला डावा पाय उजव्याच्या मागं ओढून घेतला. न्यायाधीश नेमके त्याच्या पायाकडेच पाहत होते.

अजूनही सावरता आलं असतं. टेबलावर पालथा पडलेला कागद म्हणजे फकिरानं पोलिसांना दिलेला जबाब होता, आणि त्यात लंगडण्याचं अक्षरही नव्हतं. 'हे तुम्ही पोलिसांना सांगितलं होतं का?' एवढंच विचारायचं होतं. फकिरा 'नाही' म्हणाला असता, तेही टाइप झालं असतं, आणि साक्षीदारानं ही गोष्ट कोर्टात नव्यानं जोडली हे कायमचं नोंदलं गेलं असतं. वकिलीच्या पहिल्या वर्षाच्या पोरालाही हे समजतं. पण मागच्या बाकांवर कुणीतरी 'च्च' केलं, आणि सुमेधाबाईंच्या कानशिलांपर्यंत रक्त चढलं.

"आणखी काही विचारायचं नाही," त्या म्हणाल्या आणि बसल्या.

पाच दिवसांनी तपास अधिकाऱ्याची साक्ष झाली. तेव्हाही विचारता आलं असतं. आपण तो विषय पुन्हा काढला तर न्यायाधीशांचं लक्ष उगाच तिकडं जाईल, असं त्यांनी स्वतःला समजावलं. खरी गोष्ट अशी होती की त्या दालनात 'लंगडणं' हा शब्द त्यांच्या तोंडून निघेना.

धरमसिंगला जन्मठेप झाली. निकालपत्राच्या बाविसाव्या परिच्छेदात लिहिलं होतं की आरोपीच्या ओळखीबद्दल काही शंका होतीच, तर ती बचाव पक्षानं स्वतःच उलटतपासात दूर केली. बाररूममध्ये तो परिच्छेद महिनाभर तोंडपाठ होता. सुमेधाबाई आत आल्या की बोलणी थांबत, आणि कुणीतरी चहाचं विचारी.

धरमसिंगची बायको लालीबाई खटल्याच्या प्रत्येक तारखेला येई आणि मागच्या भिंतीला टेकून बसे. निकालाच्या दिवशी पोलिसांनी नवऱ्याला गाडीत घातल्यावर ती सुमेधाबाईंच्या टेबलापाशी आली. तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं.

"आता कुठं जायचं, वकीलबाई?"

"नागपूरला. हायकोर्टात अपील करू. ते मीच चालवीन."

"तुमीच?"

"मीच."

लालीबाईनं त्यांच्याकडं बराच वेळ पाहिलं आणि होकाराची मान हलवली.

अपील दाखल झालं. ते चालेपर्यंत जामीन मिळावा म्हणून केलेला अर्ज फेटाळला गेला, दोन वर्षांनी केलेला दुसराही. लालीबाई दर दोन-तीन महिन्यांनी दारव्ह्याच्या बसनं यवतमाळला येई आणि ऑफिसच्या पायरीवर बसून राही. आत बोलावलं तरी काही विचारत नसे, घरचं सांगे. पोरगी वर्षा बारावी झाली. वर्षाचं लग्न ठरलं. लग्नासाठी धरमसिंगला चार दिवसांची सुट्टी मिळावी म्हणून सुमेधाबाईंनी खूप खटपट केली, पण ती मिळाली तेव्हा वऱ्हाड जेवून परत गेलेलं होतं. त्या वेळीसुद्धा लालीबाई एवढंच म्हणाली, "आला ना घरी. पोरीले पाह्यलं. झालं मंग."

अभिषेकचा फोन एकदा आला होता. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर तो अडखळत म्हणाला, "मॅडम, ते राठोडचं अपील माझ्याकडं द्या ना. राग मानू नका. पण त्यात पहिला मुद्दा काय घ्यावा लागेल, ते तुम्हालाही माहीत आहे."

"काय घ्यावा लागेल?"

"की तो साक्षीदार पुन्हा बोलावून त्याच्यापुढं त्याचा पोलीस जबाब ठेवायला हवा. हायकोर्ट तसा हुकूम देऊ शकतं. पण त्यासाठी आधीच्या वकिलाकडून चूक झाली, असं शपथपत्रावर यायला पाहिजे. तुम्ही स्वतः अपील चालवताना ते कसं लिहाल?"

"ते माझं मी बघेन," त्या म्हणाल्या. "तू माझ्याकडं शिकलास, अभिषेक. मी तुझ्याकडं नाही."

त्यानंतर त्यानं पुन्हा विषय काढला नाही.

२०२०च्या जानेवारीत दारव्ह्याच्या कोर्टातलं काम आटोपून परतताना बोरी अरबला बाजारापाशी त्यांची गाडी अडली. गर्दी हटेपर्यंत त्या खाली उतरल्या. शेळ्यांच्या बाजूला एक वाळकुडा माणूस उकिडवा बसला होता. त्यांना पाहताच तो लगबगीनं उठला आणि त्यानं हात जोडले.

"ओळखलं का, बाई? मी फकिरा. कोर्टात तुमी मले इचारलं होतं."

त्यांनी ओळखलं होतं. त्याला टाळून गाडीत बसावं असंही वाटलं होतं. पण वकिलाचा स्वभाव, तोंडून प्रश्न निघालाच.

"फकिरा, खरं सांगा. तो माणूस खरंच लंगडत होता?"

फकिरानं डोक्यावरचं फडकं काढून तोंड पुसलं. "आता काय सांगू, बाई. मले तं मानूस पळाला तेवढंच दिसलं. लंगडला का नाही लंगडला, अंधारात काय समजते?"

"मग कोर्टात तसं का सांगितलंत?"

"तुमीच तं इचारलं, कशावरून मनून." त्याच्या बोलण्यात ना लबाडी होती ना पश्चात्ताप. गाईनं पीक खाल्लं असं सांगावं, तसं तो सांगत होता. "एवढे मोठे साहेब बसून राह्यलेले, तुमी असं मोठ्यानं इचारलं. कायतरी सांगाच लागते ना. पोलीसवाला आधीच म्हने, धरमसिंगच व्हता म्हन. मंग मी त्याच्याकडं पाह्यलं, त्याचा पाय दिसला, तं मनलं पायावरून. तुमी नसतं इचारलं तं मी कायले बोललो असतो?"

बाजारात एक शेळी कर्कश ओरडत होती. सुमेधाबाईंनी गाडीच्या दाराला धरलं.

"हेच तुम्ही नागपूरला येऊन सांगाल?"

"नेता तं येतो. मले काय. मी कोनाचा दुश्मन नाही."

यवतमाळला पोचेपर्यंत त्यांनी तो अर्ज मनातल्या मनात लिहून काढला होता. फकिराचं शपथपत्र, त्याच्या जोडीला त्यांचं स्वतःचं: 'मी, सुमेधा वऱ्हाडपांडे, सदर खटल्यात आरोपीची वकील होते. साक्षीदारास नको तो प्रश्न विचारण्याची आणि त्यानंतर पोलीस जबाब त्याच्यापुढे न ठेवण्याची चूक माझ्याकडून झाली.' पाच पानांचं काम. चार दिवसांत दाखल झालं असतं.

पण त्याच महिन्यात त्यांचा दुसरा एक अर्ज हायकोर्टापुढं होता. वरिष्ठ वकील म्हणून नेमणूक व्हावी यासाठीचा. वेगळा गाऊन, पुढची खुर्ची, नावामागं लागणारं ते एक विशेषण. त्यासाठी त्यांनी तीस वर्षांतले आपले निवडक निकाल जोडले होते. बाविसावा परिच्छेद असलेला निकाल अर्थातच त्यात नव्हता. ज्या न्यायमूर्तींसमोर हा अर्ज जायचा, त्यांच्याच टेबलावर आपल्या हातानं आपल्या चुकीचं शपथपत्र ठेवायचं? दोन महिने थांबलं तर काय बिघडणार होतं? अपील काही लगेच सुनावणीच्या बोर्डावर येत नव्हतं. फकिरा कुठं पळून जात नव्हता.

दोन महिन्यांनी टाळेबंदी लागली. कोर्टं बंद झाली. अर्धवट उघडली, पुन्हा बंद झाली. कोर्ट नीट सुरू झालं की पहिलं काम ते, असं त्या स्वतःशी म्हणत राहिल्या. वरिष्ठ वकिलांची यादी एकदाची आली, तिच्यात त्यांचं नाव नव्हतं. त्या कडवटपणात आणखी काही महिने गेले. मग एका सकाळी लालीबाईचा फोन आला. बोरी अरबला कितीतरी माणसं गेली, ती सांगत होती. किराणावाला गेला, शाळेतले एक गुरुजी गेले.

"अन् तो फकिरा, शेळ्यावाला. तोबी गेला. श्वासच घेता येऊन नाही राह्यला होता. दवाखान्यात जागा नोती."

सुमेधाबाई फोन कानाला लावून तशाच बसून राहिल्या.

"वकीलबाई? हाये ना तुमी? तुमी तोंडाले बांधून राहा बरं. तुमाले काही झालं तं आमी कोनाकडं पाहावं?"

अपील सुनावणीला यायला २०२४ उजाडलं. तोवर धरमसिंगची आत नऊ वर्षं झाली होती. सुमेधाबाई त्रेसष्टच्या झाल्या होत्या. रात्री रात्री बसून त्यांनी मुद्दे काढले नाहीत. आता काढण्यासारखं उरलंच काय होतं. सगळी फाईल त्यांना पाठ होती.

हायकोर्टाच्या त्या दालनात लालीबाई नेहमीसारखी मागच्या भिंतीला टेकून बसली. दोन न्यायमूर्तींपुढं सुमेधाबाई पाऊण तास बोलल्या. कुऱ्हाड, पंच, अंधार, अंतर. चांगलं बोलल्या. मग ज्येष्ठ न्यायमूर्तींनी पानं मागं उलटली.

"मॅडम, हा लंगडण्याचा मुद्दा पोलीस जबाबात नाही."

"नाही, माय लॉर्ड."

"मग हे साक्षीदाराला विचारलं का गेलं नाही? तपास अधिकाऱ्यालाही विचारलेलं नाही. विचारलं असतं तर आज हे वाक्य आम्ही बाजूला ठेवलं असतं. नोंदच नाही, म्हटल्यावर आमचे हात बांधलेले आहेत. खालच्या कोर्टात उलटतपास कोणी घेतला होता?"

मागं कागदांची सळसळ थांबली. उजव्या बाजूच्या खुर्च्यांत अभिषेक बसला होता. तो मान खाली घालून पेनाचं टोपण पाहू लागला.

"मी घेतला होता," सुमेधाबाई म्हणाल्या. "चूक माझी होती. तो प्रश्न मी विचारायला नको होता, आणि विचारल्यावर जबाब त्याच्यापुढं ठेवायला हवा होता. मी ठेवला नाही. माझ्या चुकीची शिक्षा या माणसाला होऊ नये, एवढीच विनंती आहे."

न्यायमूर्तींनी चष्मा काढला.

"असं उघडपणे सांगायला धैर्य लागतं, मॅडम," ते म्हणाले. आवाज खरोखरच मऊ झाला होता. "बारमध्ये आजकाल हे दिसत नाही. आम्ही त्याची कदर करतो. पण साक्षीदाराला पुन्हा बोलावण्यासाठी अर्ज करता आला असता. नऊ वर्षं होती."

"साक्षीदार वारला, माय लॉर्ड."

"कधी?"

"तीन वर्षांपूर्वी."

"म्हणजे सहा वर्षं तो होता."

फकिरा बाजारात काय म्हणाला होता, ते सांगायचं असेल तर आता. सुमेधाबाईंच्या जिभेवर ते आलंही. पण त्यामागोमाग पुढचा प्रश्न त्यांना स्वच्छ दिसला: हे तुम्हाला माहीत होतं, तर इतकी वर्षं तुम्ही गप्प का राहिलात? आयुष्यभर दुसऱ्यांना अशाच कोपऱ्यात गाठत आलेल्या त्या बाईनं मान खाली घातली.

"होय," एवढंच त्या म्हणाल्या.

जेवणाच्या सुट्टीआधी न्यायमूर्तींनी उघड कोर्टात निकाल सांगायला घेतला. अपील फेटाळलं. निकालात एक वाक्य सुमेधाबाईंच्या प्रांजळपणाबद्दल होतं.

व्हरांड्यात चार-पाच तरुण वकिलांनी त्यांना घेरलं. एका मुलीनं तर वाकून नमस्कार केला. "मॅडम, आज खूप शिकायला मिळालं." अभिषेक जवळ आला. त्याचे डोळे ओले होते.

"मॅडम, एवढं मोठं मन... मला नसतं जमलं."

"बाजूला हो," सुमेधाबाई म्हणाल्या. त्यातला कडवटपणा त्याला कळला नसावा, कारण तो हसतच बाजूला झाला.

लालीबाई जिन्याच्या कठड्यापाशी उभी होती. निकाल इंग्रजीत होता, पण तो तिला कळला होता. इतकी वर्षं कोर्टात बसल्यावर माणसाला चेहऱ्यांवरून कळू लागतं.

"लालीबाई, तुम्हाला एक सांगायचं आहे," सुमेधाबाई म्हणाल्या. "यवतमाळला मी फकिराला जो शेवटचा प्रश्न विचारला होता ना..."

"ठाऊक हाये."

"काय ठाऊक आहे?"

"तुमी इचारलं मनून तो बोलला. मी तिथंच तं बसून होती. साऱ्या तांड्याले ठाऊक हाये." लालीबाईनं पदर डोक्यावर नीट घेतला. "देवसिंग, माहा दीर, तवाच म्हने, वकील बदला. मी मनलं, नाही. दुसऱ्या वकिलाले आमची काय पडली असती? ह्या बाईच्या हातून चुकलं हाये, तिच्या मनाले ते खाऊन राह्यलं. ही काही आमाले सोडून जात नाही. जेवढं करता येईन तेवढं ही करनच."

सुमेधाबाईंना कठड्याचा दगड हाताला गार लागला.

"अन् केलं तुमी," लालीबाई म्हणाली. "मी त्याले नाही मनत नाही."

"दिल्लीला, सुप्रीम कोर्टात जाता येईल. अभिषेक कागद तयार करून..."

"नाही जायचं दिल्लीले. चौदा वर्सांनी सोडतात मनतात. नऊ झाले. पाच राह्यले, निघून जातीन." तिनं पिशवी खांद्याला अडकवली. "आज जेलात त्याची मुलाखत लावून ठेवली हाये मी. सुटला तं त्याले सांगाले, नाही सुटला तरी सांगाले. जातो मी."

"मी गाडीनं सोडते. मी पण येते आत, मीच सांगते त्यांना."

"सोडा. पन आत नका येऊ." लालीबाई जिना उतरू लागली होती. "तुमी समोर असल्या तं तो तुमचा मान ठेवन. त्याले रडता येनार नाही."

लालीबाईला शेजारी बसवून त्या वर्धा रोडवरच्या कारागृहाकडं निघाल्या. दर सिग्नलला सुमेधाबाईंना वाटे, आता सांगावं. बाजार, शेळ्या, तो म्हणाला होता येतो म्हणून. दर वेळी दिवा हिरवा होई.

फाटकासमोर नातेवाइकांची रांग होती. नाव पुकारल्यावर लालीबाई आत गेली. सुमेधाबाई बाहेर कडेला थांबल्या, काळा कोट अंगावर तसाच. रांगेतल्या एका म्हाताऱ्यानं तो कोट पाहून अदबीनं जागा करून दिली, आणि हातातला कागद पुढं करून विचारलं, "बाईसाहेब, यात काय लिहून हाये, सांगता का?" त्यांनी वाचून दाखवलं. त्याच्या मुलाची तारीख पुढं गेली होती.

अर्ध्या तासानं लालीबाई बाहेर आली. डोळे सुजले होते, पण तोंड धुतलेलं होतं.

"काय म्हणाले?" सुमेधाबाईंनी विचारलं.

"रडला. मंग गप्प झाला. मंग पोरीचं इचारलं, नातवाचं इचारलं." तिनं पिशवी खांद्यावर वर सारली. "मंग म्हने, वकीलबाई सकाळपासून उभी राह्यली असंन. जेवली का ती?"

रस्त्यावरून एक ट्रक भोंगा वाजवत गेला.

"मी त्याले सांगतलं, हो, जेवली मनून," लालीबाई म्हणाली. "त्याच्याशी खोटं नाही बोललो मी कधी. चला."

फाटकापलीकडं एका हातगाडीवर आलूबोंडे तळले जात होते. लालीबाईनं दोन घेतले, कागदावर मिरची ठेवून घेतली आणि कागद सुमेधाबाईंच्या हातात दिला. स्वतःसाठी तिनं काही घेतलं नाही. सुमेधाबाईंनी एक घास तोडला. तो फार गरम होता. तोंडात फिरवत राहिल्या, गिळता येईना.

"सावकाश," लालीबाई म्हणाली.

आणि ती समोर उभी राहून, दोन्ही हातांनी पिशवी पोटाशी धरून, त्यांचं खाणं संपायची वाट पाहू लागली.